रूळ उचलले, चढ तसाच ठेवला: सिंगापूरच्या रेल कॉरिडॉरवर चार सकाळी

रेल्वे बंद पडलेली जमीन कशी ओळखावी, हे मला कोणी शिकवावे लागत नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षे कुर्डुवाडीच्या बाजूला, बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर ट्रॉलीने फिरण्यात गेली. पुढे ती लाइन ब्रॉडगेज झाली आणि जिथे नव्या मार्गाने जुन्याची साथ सोडली, तिथे उरलेल्या भरावावर बाभळी माजल्या, कोणी गोठा घातला, कोणी मुरूम उचलून नेला. त्यामुळे मुलीकडे सिंगापूरला दोन महिने राहायला गेलो असताना जावईबापूंनी, “बाबा, इथे बंद झालेल्या रेल्वेची सायकलवाट केली आहे, येणार का?” असे विचारले, तेव्हा उत्साहापेक्षा संशयच अधिक होता. आठवड्याभरात चार सकाळी त्या वाटेवर घालवल्यानंतर लिहितो आहे. वाट अतिशय चांगली आहे. ती चांगली का आहे, याचे कारण मात्र तिथल्या बागकामापेक्षा जुन्या रेल्वेच्या बांधणीत अधिक आहे, असे माझे मत झाले.

प्रथम ही जमीन कोणती ते सांगतो, कारण प्रकरण साधे नाही. सिंगापूर १९६५ साली मलेशियापासून वेगळे झाले, पण बेटाच्या पोटातून उत्तर-दक्षिण जाणारी मीटरगेज लाइन मलेशियाच्या रेल्वेकडेच राहिली. म्हणजे रूळ, स्थानके आणि दोन्ही बाजूंची पट्टी दुसऱ्या देशाच्या ताब्यात आणि भोवतालचे सगळे शहर आपले, अशी स्थिती जवळजवळ अर्धे शतक टिकली. १९९० साली दोन्ही सरकारांनी करार केला, त्याचा अर्थ काय यावर वीस वर्षे वाद घातला आणि अखेर २०१० साली तोडगा काढला. मलेशियाने रेल्वेची जमीन सोडायची आणि तिच्या बदल्यात शहरातील मोक्याच्या जागांवर दोघांनी भागीदारीत इमारती उभ्या करायच्या, असे ठरले. ३० जून २०११ च्या रात्री तांजोंग पगार स्थानकातून शेवटची गाडी निघाली, ती पलीकडच्या मलेशियातील जोहोर राज्याच्या सुलतानांनी स्वतः चालवली. दुसऱ्या दिवसापासून जमीन सिंगापूरची झाली. पुढच्या काही महिन्यांत रूळ आणि स्लीपर उचलून मलेशियाला परत गेले, आठवणीपुरते तुकडे तेवढे मागे राहिले.

उरली ती उत्तरेकडील वुडलँड्सपासून दक्षिणेकडील तांजोंग पगारपर्यंतची सुमारे २४ किलोमीटर लांबीची अरुंद पट्टी. ज्या शहरात जमीन चौरस फुटावर मोजली जाते, तिथे अशी पट्टी तुकडे पाडून विकणे सहज शक्य होते. तिथल्या निसर्गप्रेमींच्या संस्थेने, नेचर सोसायटीने, शेवटची गाडी सुटण्याआधीच २०१० साली ही संपूर्ण पट्टी अखंड हरित मार्ग म्हणून राखावी, असा प्रस्ताव मांडला. लोकांनी तो उचलून धरला आणि सरकारने तो मूळ विचार मान्य केला. यात ‘अखंड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रेल्वेच्या जमिनीची किंमत तिच्या क्षेत्रफळात नसते, सलगतेत असते. मध्ये एक फर्लांग गेला तरी उरलेली जमीन नुसती लांबट प्लॉट होऊन बसते. आपल्याकडे हेच सर्वांत आधी घडते.

आता वाटेविषयी. पहिल्या सकाळी सायकलवर बसून दहा मिनिटे झाली असतील, तोच मला वाटले की हा वेग, ही बैठक, हे दोन्ही बाजूंना मागे सरकणारे गवत मी ओळखतो. तपासणीच्या पुश ट्रॉलीवर बसून जाताना असेच वाटे, फक्त इथे मागून ढकलणारे ट्रॉलीमन नव्हते. रस्त्यावरची सायकल आणि रेल्वेच्या जागेवरची सायकल यांत मूळ फरक चढाचा आहे. मोटारींचा रस्ता टेकडी आली की सरळ तिच्या अंगावर जातो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, म्हणून रेल्वेला ती चैन परवडत नाही; तिला उंचवटा कापून कटिंग काढावे लागते आणि खोलगट जागी भराव घालावा लागतो. आपल्या बोरघाटातील ३७ फुटांना १ फूट हा चढ रेल्वेच्या दृष्टीने इतका भयंकर की तिथे मागून जादा इंजिने लावावी लागतात, आणि रस्त्यावर त्याहून कडक चढ मोटारवाल्याच्या ध्यानातही येत नाही. सिंगापूरचा हा मार्ग बुकित तिमा या देशातील सर्वांत उंच टेकडीच्या, म्हणजे सुमारे १६४ मीटर उंचीच्या डोंगराच्या, पायथ्याशी जातो. तरीही माझ्यासारख्या ६७ वर्षांच्या, गुडघ्याची तक्रार असलेल्या माणसाला कुठेही उतरावे लागले नाही. रूळ काढताना भराव आणि कटिंग यांना हात न लावण्याचे शहाणपण ज्यांनी दाखवले, त्यांनी अर्धे काम फुकटात मिळवले.

याच संदर्भात एक गोष्ट तिथे रोज सायकल चालवणाऱ्यांच्याही लक्षात आलेली नसावी, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. या मार्गाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन स्वभाव आहेत. उत्तरेकडील भाग १९०३ साली सुरू झालेल्या मूळ लाइनचा आहे. त्या काळी रस्त्यांवर बैलगाड्यांपलीकडे फारशी वाहतूक नव्हती, म्हणून लाइन रस्त्यांना जमिनीच्या पातळीवरच छेदत गेली. त्यामुळे त्या भागात फाटके होती आणि ती अगदी २०११ पर्यंत माणसे लावून उघडबंद केली जात होती. बुकित तिमाच्या दक्षिणेचा भाग मात्र १९३२ सालचा आहे. शहरातल्या फाटकांवर खोळंबा वाढू लागला तेव्हा जुनी लाइन सोडून पश्चिमेकडून नवी लाइन काढली आणि ती मुद्दाम अशा पातळीवर बांधली की रस्ते एकतर तिच्या खालून जावेत किंवा वरून. आज याचा हिशेब असा लागतो: दक्षिण भागात तुम्ही मैलोन्‌मैल पाय न टेकता जाता, डोक्यावरून पुलावर बसगाड्या धावत असतात आणि त्यांचा तुमच्याशी काही संबंध येत नाही. उत्तर भागात मात्र रस्ता आला की उतरा, सिग्नलचे बटण दाबा, हिरव्या माणसाची वाट पाहा. ज्या इंजिनिअराने नव्वद वर्षांपूर्वी गाड्यांचा खोळंबा टाळला, त्याने नातवंडांच्या वयाच्या सायकलस्वारांचा खोळंबाही टाळून ठेवला. लहान मुलांना घेऊन जायचे असेल, तर मध्य आणि दक्षिण भागच निवडावा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

पृष्ठभाग सर्वत्र एकसारखा नाही, कारण वाट टप्प्याटप्प्याने दुरुस्त झाली आहे. हिलव्ह्यू ते बुकित तिमा स्थानक हा सुमारे चार किलोमीटरचा मध्य भाग २०२१ साली खुला झाला, स्थानकाची इमारत २०२२ साली, आणि उत्तरेकडचे काम त्यानंतर पुढच्या वर्षी उरकले. मध्य भागात बारीक खडी दाबून घट्ट बसवली आहे आणि दोन्ही कडांना गवत येऊ दिले आहे. रस्त्याच्या सायकलचे अगदी बारीक टायर इथे सुखाने जाणार नाहीत; मध्यम रुंदीचे टायर उत्तम. सिमेंट किंवा डांबर ओतले नाही, हे मला आवडले. तिसऱ्या सकाळी मी घरातून निघालो तेव्हा आभाळ मोकळे होते आणि पाऊण तासात तिथे नेहमी पडतो तसा धबधबा पाऊस कोसळला. एका पुलाखाली उभा राहून मी जे पाहिले ते माझ्या खात्याचे होते: पाणी वाटेच्या मध्यावर थांबत नव्हते. माथा किंचित उंच, दोन्ही अंगांना उतार, बाजूला गवताळ चर आणि चर भरला की मोरीतून पाणी पलीकडच्या सखल भागात. आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो की ट्रॅकचे तीन शत्रू: पाणी, पाणी आणि पाणी. पाऊस थांबल्यावर वीस मिनिटांत वाट पुन्हा सायकल चालवण्याजोगी झाली. एका सखल जागी मात्र चिखलाचा पट्टा होता आणि त्यात माझा डावा बूट गेला, पण वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या कच्च्या वाटेला एवढी सवलत द्यायला हरकत नाही.

निसर्गाच्या बाबतीत हाच मध्य भाग सर्वांत श्रीमंत आहे. एका अंगाला बुकित तिमाचे राखीव जंगल येते आणि काही अंतर खरोखर विसरायला होते की आपण साठ लाख वस्तीच्या शहरात आहोत. जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञाला इथे काय दिसेल ते मला सांगता येणार नाही. माझ्यासारख्याला दिसले ते असे: वाटेच्या कडेला गावठी केळी, जागोजाग लाजाळूचे गालिचे, आणि हातभर रुंद, कडक शिरांच्या पानांचे पिवळ्या फुलांचे एक झुडूप, जे पाहताच मला करमळीची आठवण झाली. नातीने फोनवर शोधून सांगितले की हे झुडूप करमळीच्याच कुळातले आहे, त्याला मलय भाषेत ‘सिंपोह आयर’ म्हणतात आणि त्याची पाने पूर्वी खाद्यपदार्थ बांधून देण्यासाठी वापरत, जशी आपल्याकडे पळसाची. खंड्या विजेच्या तारेऐवजी इथे फांदीवर बसलेला, एवढाच काय तो फरक. रानकोंबडा आपल्या दोन माद्यांसह वाट ओलांडताना सायकलींना जुमानत नाही. दुसऱ्या सकाळी एका उंच झाडावर धनेशाची जोडी दिसली. एके काळी हा पक्षी सिंगापुरातून नाहीसा झाला होता आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत परत आला, असे कळले. पिवळ्या डोक्याचा बुलबुल दिसला नाही, पण त्याची शीळ ऐकली असे नात ठामपणे म्हणाली. त्याच्या गाण्यामुळेच त्याला पिंजऱ्यात घालण्यासाठी इतका पकडला गेला की शेजारच्या देशांतील रानांतून तो जवळजवळ संपला आहे, आणि आज जगात त्याच्या हक्काच्या मोजक्या जागांपैकी एक सिंगापूर आहे.

माकडांविषयी मात्र सावध करतो. लांब शेपटीची ही माकडे माथेरानच्या माकडांइतकीच हुशार आहेत आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज म्हणजे जेवण, हे त्यांनी पक्के पाठ केले आहे. “आजोबा, पिशवी सॅकच्या आत टाका,” असे नातीने दोनदा सांगूनही मी दशम्यांची पिशवी हँडलला अडकवून ठेवली. एक मोठा हुप्प्या कठड्यावरून शांतपणे उतरला, त्याने पिशवी काढून घेतली आणि आमच्यासमोर बसून पहिली दशमी सोलल्यासारखी उलगडली. तिळाची चटणी त्याने बाजूला ठेवली. हे सांगताना मी हसतो आहे, पण तिथे वन्य प्राण्यांना खाऊ घालणे हा दंडनीय गुन्हा आहे आणि मला बराच वेळ आजूबाजूला पाहावे लागले.

बुकित तिमा स्थानकासाठी निदान एक तास राखून ठेवावा. लाल विटांची, कौलारू, एका खोलीपेक्षा फारशी मोठी नसलेली ही इमारत १९३२ सालची. स्थानकासमोर रुळांचे दोन पदर अजून आहेत, कारण एकेरी लाइनवर समोरासमोरच्या गाड्या इथे एकमेकींना बाजू देत. हे स्थानक चालू होते तोपर्यंत इथे टोकनची देवघेव होत असे. एकेरी लाइनवर ज्या चालकाच्या हातात त्या भागाचे टोकन तोच पुढे जाणार, आणि टोकन एका वेळी एकच बाहेर निघणार. म्हणून दोन गाड्या एका रुळावर समोरासमोर येणे अशक्य. कड्याला अडकवलेले ते टोकन स्टेशनचा माणूस उंच धरून उभा राहतो आणि गाडी न थांबता चालक ते हात घालून उचलतो. आमच्याकडे याला गोळा म्हणत, कारण आमच्या यंत्रातून टोकन म्हणून लोखंडी चेंडू निघे. एका पावसाळी रात्री गोळा चुकून रुळांशेजारच्या गवतात पडला आणि स्टेशन मास्तरांसह आम्ही पाच जण कंदील घेऊन तो शोधत होतो, गाडी तोवर शिट्ट्या मारत उभी. नातीला हे सगळे स्थानकाच्या ओट्यावर बसून सांगितले, तेव्हा पहिल्यांदा तिला आजोबांची नोकरी काय होती ते कळले असावे.

रुळांपाशी मी थोडा अधिक रेंगाळलो. दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे, म्हणजे फिशप्लेटचे, बोल्ट जागेवर आहेत, सांध्यातली फटही दिसते. रुळाच्या पोटावर कारखान्याचे नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असते, ते वाचण्यासाठी मी गुडघे टेकून पाहिले, पण रंगाच्या थरांनी अक्षरे बुजली होती. शेजारी एक जोडपे लग्नाआधीची छायाचित्रे काढत होते आणि छायाचित्रकाराने मला नम्रपणे चौकटीबाहेर व्हायला सांगितले. आतल्या प्रदर्शनातून मार्गाचा इतिहास नीट समजतो. माझ्यापुरते सांगायचे तर मला गँगमनांविषयी आणखी वाचायला आवडले असते. मलायाच्या रेल्वेवर खडी भरणारे, स्लीपर बदलणारे हात मोठ्या संख्येने तमिळ मजुरांचे होते, आणि उन्हात त्या भरावावर उभे राहिले की त्यांचीच आठवण आधी येते. स्थानकाच्या आवारात रेल्वे कर्मचाऱ्यांच्या जुन्या निवासस्थानात उपाहारगृह आहे. कॉफी बरी, दर शहरातल्याप्रमाणेच चढे.

स्थानकाच्या लगतच, बुकित तिमा रस्त्यावरचा काळा पोलादी पूल आहे आणि तीनेक किलोमीटर उत्तरेला त्याचा जुळा भाऊ. शनिवारी-रविवारी दोन्हींवर इतकी गर्दी असते की सायकल हातात धरून चालत नेणेच शहाणपणाचे. ही वाट पादचारी आणि सायकलस्वार यांची सामाईक आहे, आणि कानात यंत्रे घालून धावणाऱ्या माणसाला घंटी ऐकू जात नाही. वेगाने जाण्याची हौस असलेल्यांनी दुसरा मार्ग शोधावा. मोटार लावलेल्या स्कूटींना इथे मज्जाव आहे, ही मोठीच सोय.

सायकल भाड्याने घेण्याबाबत माझा अनुभव संमिश्र आहे. पहिल्या दिवशी जावईबापूंनी अ‍ॅपवरून रस्त्याकडेची सायकल काढून दिली. दर स्वस्त, पण गिअर नाहीत आणि सीटची पकड ढिली असल्याने दर अर्ध्या किलोमीटरला मी दोन बोटे खाली जात होतो. घरी पोहोचेपर्यंत गुडघे हनुवटीला लागायचे तेवढे बाकी होते. दुसऱ्या दिवशी एका दुकानातून गिअरची सायकल घेतली. तिथे मागचा ब्रेक घासत असल्याचे मी निघण्यापूर्वीच दाखवले, तरी “चालवताना सुटेल” असे उत्तर मिळाले आणि परत आल्यावर त्याच घासलेल्या ब्रेकपॅडचे पैसे मागितले गेले. दुकानाचे नाव लिहीत नाही. एवढेच सांगतो की सायकल ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक, सीटची कळ आणि टायर यांचे फोटो काढून ठेवावेत. घडीची सायकल असेल तर ती मेट्रोतून नेता येते, साधी नेता येत नाही; म्हणून एका टोकाला जाऊन मेट्रोने परतण्याचा बेत घडीच्या सायकलवाल्यांनीच करावा. चालत जाणाऱ्यांनी किंग आल्बर्ट पार्क मेट्रो स्थानकावर उतरावे, काळा पूल तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

दक्षिणेकडचा भाग मध्य भागाइतका दाट सावलीचा नाही. वस्त्यांच्या आणि उंच इमारतींच्या पाठीमागून जाणारी ही वाट सकाळी नऊनंतर तापते. याच पट्टीच्या काही भागाखालून मध्यंतरी शहरासाठी पाण्याची मोठी वाहिनी टाकली गेली आहे. सलग जागा राखली की ती अशीही उपयोगी पडते, आणि वरून सायकली जातच राहतात. टांगलिन हॉल्ट नावाची वस्ती लागते. तिथे कधीकाळी गाडी थांबत असे, आता नावातला ‘हॉल्ट’ तेवढा उरला आहे. पाण्याची बाटली घरूनच भरून न्यावी, स्वच्छतागृहे मोजकी आहेत आणि त्यांच्यात बरेच अंतर आहे. जंगलालगतच्या पट्ट्यात अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडावे. सर्वोत्तम वेळ सकाळी सात ते नऊ, आणि शक्यतो आठवड्याचा मधला दिवस.

चौथ्या सकाळी मी एकटाच दक्षिण टोकाकडे गेलो. तांजोंग पगारचे मोठे स्थानक मात्र मेट्रोच्या कामामुळे बंद होते, म्हणून दर्शनी भागावरचे शेती, व्यापार, वाहतूक आणि उद्योग यांचे चार संगमरवरी पुतळे जवळून पाहायचे राहिले. मुलीने पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले आहे. ब्रेक तपासलेली सायकल जावईबापूंनी स्वतःच विकत घेऊन ठेवली आहे, आणि नातीने दशम्यांसाठी झाकणाचा स्टीलचा डबा.